भिंतीवरची गोमू

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसला तर तुमचीच काळजी वाटेल मला. सबंध मीरा-भाईंदरात माझ्याएवढा थापाड्या म्हातारा दुसरा नाही, हे आमच्या बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा शपथेवर सांगेल. तरीही सांगतो. माझी बायको तुळसा मेल्यावर दोन वर्षांनी हाटकेशच्या कारखान्यांमधल्या एका गाळ्यात माझ्यासमोर वळली. वर तापलेले पत्रे, शेजारच्या गाळ्यात डबे ठोकण्याचा आवाज, आणि मधे टेबलावर एक काँप्युटर. त्या काँप्युटरात एक बाई होती. तोंड तुळसाचं नव्हतं. तोंड असं नव्हतंच, नुसता राखाडी गोळा. अंगही कुणाचं नव्हतं, विशीतल्या पोरीचं म्हणून कुणीतरी बनवलेलं. पण ती चार पावलं चालली, डावा पाय टेकताना कंबरेत एवढीशी थांबली, आणि वळली. आणि मी, दशरथ भुवड, फोर्टातल्या ऑफिसातून शिपाई म्हणून निवृत्त झालेला, अंगाला चिकटलेला काळा सूट घालून, त्यावर चंदेरी गोळ्या लावून उभा असलेला, मनात म्हणालो, अगो, तू इथं काय करतेस?

मी तिथं कसा गेलो ते सांगायला हवं. आमची सून नीलिमा ज्या ऑफिसात आहे तिथं संचिता नावाच्या मुलीची आई आहे. संचिता इथल्याच बेव्हर्ली पार्कात वाढलेली, नाच शिकलेली, आणि तिच्या डोक्यात असं आलं की स्टेजवर खऱ्या मुली नाचतील आणि त्यांच्या मागं अख्खी भिंत भरून उजेडाची एक गोमू नाचेल. गोमू म्हणजे काय हे मीरा रोडला सांगावं लागतं. शिमग्यात आमच्या संगमेश्वराकडं खेळे निघतात. मृदंग, झांजा, काळ्या झग्यातला उंच टोपीचा संकासूर, आणि त्याच्याबरोबर नऊवारी नेसून, नाकात नथ घालून नाचणारा बाप्या, तो गोमू. मिशा पिकेपर्यंत मी गोमू होतो. रजेसाठी दर शिमग्याला एक आत्या मारायचो. शेवटी साहेबानं विचारलं, "भुवड, तुझ्या आजोबांना मुली तरी किती?" मी म्हटलं, "साहेब, गरीब माणूस, दुसरी करमणूक नव्हती." रजा मिळाली. संचिताला हे सगळं फार आवडलं. ती म्हणाली, "आजोबा, व्हिडिओ नकोय मला. तुमची मूव्हमेंटच हवी. तुम्ही नाचायचं, कॅमेरे फक्त हे गोळे बघणार, आणि तुमचं अंग वगळून राहील ते मी भिंतीवरच्या बाईला देणार." अंग वगळून माझ्यात काय राहतं हे मला माहीत नव्हतं. तेव्हा तर अंगसुद्धा राहिलेलं वाटत नव्हतं. मी हो म्हणालो, कारण नाही म्हणण्याइतकंही काही वाटत नव्हतं.

काँप्युटरवाला पोरगा जितेश. मला मधोमध उभा करून म्हणाला, "काका, हात असे फैलवा. टी पोज. हलायचं नाही." मी विचारलं, "किती वेळ?" तो म्हणाला, "मी बोलेपर्यंत." म्हटलं, "आमच्या शेतात एक असाच उभा आहे, त्याला अजून कुणी बोललं नाही." संचिता हसली. मी लोकांना हसवतो आणि ते हसले की त्यांच्याकडं दुरून बघतो, हे अलीकडचं. पाय दुमडून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही बघा. आपण त्याला चापट मारतो, चापट हाताला लागते, पायाला लागत नाही. तुळसा गेल्यापासून मी सबंध तसा होतो. ती गेली तेव्हा मी नळवाल्याशी भांडत होतो. भर दुपारी, आतल्या खोलीत अर्धी भाकरी ताटात ठेवून ती भिंतीला टेकली, नीलिमा ओरडली, आणि मी आधी नळ बंद केला. पाणी वाया जाऊ नये म्हणून. मग गेलो. मडकं दिलं ते धरलं, सांगितलं तिथं फोडलं. दहाव्याला कुणी म्हणालं, रडा, बरं वाटेल. मी प्रयत्न केला, तर जांभई आली. नीलिमा घाबरून डॉक्टरकडं घेऊन गेली. त्यानं गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, गुडघा उडाला, तो म्हणाला नॉर्मल. गुडघा नॉर्मल होता. तोही पूर्ण नाही, डावा थोडा धरतो. त्यानंतर मी थापा वाढवल्या, कारण थापा मारताना निदान तोंड तरी माझं असायचं.

तर मी नाचलो. मृदंग मोबाइलमधून वाजत होता. नेसलेलं काही नव्हतं, तरी हात आपोआप पदराकडं जात होता आणि हवा धरून परत येत होता. नाच झाल्यावर जितेशनं बटणं दाबली. आधी काळ्या पडद्यावर नुसते ठिपके उडाले, जत्रेतून लांबून दिसणाऱ्या बत्त्यांसारखे. मग काड्यांची बाहुली झाली. मग त्या काड्यांवर बाई चढली. आणि मघाशी सांगितलं तसं झालं. ती चालली, थांबली, वळली. माझ्या पोटात कुठंतरी कपाटामागं वस्तू पडावी तसा आवाज झाला. काय पडलं ते दिसलं नाही, पण पडलं. जितेश म्हणाला, "इथे जरा जर्क आहे, काका. लेफ्ट लेगला. गुडघ्याचं काय आहे का तुमचं? टेन्शन नाय, मी क्लीन करतो." संचिता म्हणाली, "हो, स्मूथ कर, वॉलवर खूप मोठं दिसेल ते." त्याचा हात माउसवर गेला, आणि मी इतक्या जोरात "थांब" म्हणालो की शेजारचं डब्यांचं ठोकणं थांबल्यासारखं वाटलं.

मग माझं तोंड सुरू झालं. मी म्हणालो, गुडघ्याचं काही नाही. ती चाल माझी नाहीच, माझ्या बायकोची आहे. गोमू व्हायचं तर बाईची चाल शिकावी लागते आणि ती कोण शिकवणार? तुळसा पाण्याला जायची. डोक्यावर दोन हंडे, काखेत कळशी. विहिरीकडून येणाऱ्या वाटेवर एक तिरकी पायरी होती, तिथं हंडे डुचमळू नयेत म्हणून ती डावा पाय टेकताना कंबरेत थांबायची, आणि मग पुढं. ती पायरी संपली तरी सवय राहिली, सपाटीवरही ती तशीच चालायची. मी ऐनाच्या झाडामागं लपून बघत बसायचो. ते थांबणं काढलंत तर बाई राहील, तुळसा राहणार नाही. एकदा गेलीच आहे, दुसऱ्यांदा तुम्ही घालवा. हे मी थापाड्या म्हणून सांगत होतो की खरं म्हणून, ते तेव्हाही कळलं नाही. एवढं कळलं की गोष्ट चांगली वठली. संचिताचे डोळे भरले. जितेशनं कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "सॉरी, काका." आणि गंमत बघा, सांगता सांगता मला ती पायरी दिसायला लागली, ओली, कडेला शेवाळ असलेली. पायरीवर पाऊलही पडलं. पाऊल टाकणारी मात्र काँप्युटरातली होती, राखाडी तोंडाची.

दुसऱ्या दिवसापासून मी काहीतरी निमित्त काढून गाळ्यात जायला लागलो. जितेशला म्हणायचो, "चालव रे तिला." तो चालवायचा. संपली की परत पहिल्यापासून. मी खुर्चीत बसून बघायचो आणि तुळसाला आठवायचो. आठवायला बसलं की आधी बांगड्या यायच्या. मग तिचा खोकला, घशात नव्हे, नाकात खोकल्यासारखा. शिमग्याला ती मला लुगडं नेसवायची, पाठीमागं बसून कासोटा खोचायची आणि म्हणायची, "श्वास धरा." मी धरायचो. तिच्या बोटांना ओल्या नारळाचा वास. मी नथ घालून अंगणात उतरलो की बायका तिला चिडवायच्या, "तुळसे, सवत बघ कशी ठुमकते." आणि मागून तिचं हसणं यायचं. एस्टीच्या थांब्यावरून घरी जाताना मागून "हळू हो" यायचं. मीरा रोडला आलो तेव्हा बाजारात बोंबलाचा भाव मी विचारायचो आणि मागून "नको, शिळे हायत" यायचं. हे सगळं असं कानातून यायचं, एकामागून एक, आणि समोर ती राखाडी बाई चालायची, थांबायची, वळायची. आवाज एकीकडं, चाल एकीकडं. दोन्ही जुळवता जुळवता माझा डोळा लागायचा. जितेश बिचारा आवाज न करता काम करायचा. एकदा जागा झालो तर काँप्युटरातली बाई हात लांबवून हवेत काहीतरी शोधत होती. तो माझाच हात होता, पदर शोधणारा. जितेश म्हणाला, "हे तरी काढू ना, काका? हात उगाच हवेत जातो." मी म्हटलं, "असू दे. तिचंही काही हरवलेलं असेल."

खाली बाकावर आमच्या शेजारीण हंसाबेन भेटायच्या. त्यांना मी सांगितलं की काँप्युटरात माझी बायको आलीय. हंसाबेननी जपमाळ थांबवली. "हाय हाय, दशरथभाई. बात करती है?" म्हटलं, "नाही करत. नाराज आहे." "क्यूं?" "इतने दिन याद नहीं किया इसलिए." हंसाबेन म्हणाल्या, "तो मनाव ने, भाई. मीठाई ले के जाव." मी दुसऱ्या दिवशी खरंच पेढे नेले. जितेशनं खाल्ले. संध्याकाळी हंसाबेननी विचारलं, मान गई? मी म्हटलं, अर्धी. ही थाप होती, पण ती मारताना मला तोंडाच्या खाली, गळ्यापर्यंत, स्वतःचं असं काहीतरी जाणवलं. नीलिमानं त्या दिवशी ताट वाढताना माझ्याकडं दोनदा बघितलं. "बाबा, आज भात मागून घेतलात." मी म्हटलं, "मग काय गुन्हा केला?" ती म्हणाली, "नाही, मागितलात म्हणून म्हटलं. आईंच्या नंतर पहिल्यांदा."

मग तालमी सुरू झाल्या आणि घोटाळा झाला. पुढं नाचणारी मुख्य मुलगी पायल. चलाख, पायांत वीज. तिनं भिंतीकडं पाठ करून नाचायचं, आणि भिंतीवरच्या गोमूनं तिच्याबरोबर. पण दर वेळी त्या थांबण्याशी दोघींची फाटाफूट व्हायची. पायल चिडली. "दीदी, मी परफेक्ट बीटवर आहे. मी पुढे जाते आणि ही मागेच राहते. लोकांना वाटेल मी चुकले." संचिता बराच वेळ नखं खात उभी राहिली. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि हळू म्हणाली, "आजोबा, मला काढावं लागेल ते. मी खूप ट्राय केलं." मला वाटलं होतं मी काहीतरी नाटकी बोलेन. गळा काढीन, छाती धरीन, मला सगळं येतं. काहीच आलं नाही. चापट परत हातालाच लागली. मला फक्त दिसलं की जितेश एक बटण दाबेल, ती बाई सरळ चालत जाईल, गुळगुळीत, आणि ती गेली की मी परत नळ बंद करून आत जाणाऱ्या त्या दुपारीच उभा असेन, कायमचा. मी उठलो, पायलजवळ गेलो. म्हटलं, "पोरी, ती चुकत नाही आणि तूही चुकत नाहीस. तू एवढंच कर, त्या जागी तिच्यासाठी थांब. मोजू नको. मागं कुणीतरी ओझं घेऊन येतंय असं समज." पायल म्हणाली, "मागे बघायचं नाही, मग मला कळणार कसं ती आली?" मी म्हटलं, "कळतं." तिनं करून बघितलं. दोनदा चुकली. मग एकदा दोघी बरोबर थांबल्या, स्टेजवरची आणि भिंतीवरची, आणि बरोबर निघाल्या. जितेशनं माउसवरचा हात काढून खिशात घातला.

प्रयोग नाट्यगृहात, संध्याकाळचा. माझा मेव्हणा राघो, तुळसाचा पाठचा भाऊ, तिला बाय म्हणणारा, भाईंदरजवळच्या राई गावात राहतो, त्याला मी मुद्दाम बोलावला होता. राघो बोलत नाही. तो एखाद्या ठिकाणी असण्यात आणि नसण्यात फरक एवढाच की खुर्ची भरलेली दिसते. तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी छत्री मांडीवर घेऊन बसला. संचितानं माइकवर सांगितलं की ही गोमू आमच्या दशरथ आजोबांनी दिली, पण ही चाल आहे कैलासवासी तुळसाबाईंची, विहिरीच्या वाटेवरची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राघोनं वाजवल्या नाहीत, त्याचे हात छत्रीवर होते. मग अंधार झाला आणि भिंत पेटली. दोन मजली उंच बाई. तिला आता तोंड होतं, नथ होती, हिरवं लुगडं होतं. चालली. पायल पुढं, ती मागं. थांबली. आणि माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यातून मुंग्या निघाल्या. बधिर पाय जागा होताना येतात तशा, हसूही येतं आणि ओरडावंसंही वाटतं अशा, गुडघ्यापर्यंत, कंबरेपर्यंत. मी खुर्चीचा हात धरला. मला वाटलं, आता येणार. काय येणार ते माहीत नव्हतं, पण दोन वर्षं वाट चुकलेलं काहीतरी नाक्यापर्यंत आलं होतं. मग मागच्या रांगेत एक पोर रडलं, दिवे लागले, कुणाचा तरी मोबाइल वाजला, आणि ते नाक्यावरच उभं राहिलं.

पण ते आलं होतं एवढं खरं. म्हणून सकाळी बाकावर बसून मी हंसाबेनना सांगायला लागलो तेव्हा माझी जीभ घोड्यावर होती. राघो रात्री आमच्याकडंच राहिला होता, तोही बाकाच्या टोकाला बशीत चहा ओतून बसला होता. मी म्हटलं, "हंसाबेन, क्या बताऊं, ती भिंतीवरची थांबली ना, तर सगळं थिएटर उभं राहिलं. नगरसेवकसुद्धा. मग तिनं पदर डोक्यावर घेतला, जे जितेशनं कधी घातलंच नव्हतं काँप्युटरात, आणि सरळ तिसऱ्या रांगेत बघितलं, माझ्याकडं. म्हणाली, अहो." हंसाबेन म्हणाल्या, "जय श्री कृष्ण. सच्ची?" म्हटलं, "एकदम सच्ची. शेवटी चाल तिचीच ना. मी ऐनाच्या झाडामागं लपून डोळे भरभरून बघितलेली. माणूस जातं, चाल कुठं जाते?" असं म्हणताना माझा आवाज खरोखरच कापला, आणि मला आनंद झाला, कारण तो मी कापवला नव्हता.

राघोनं बशी खाली ठेवली. "भावोजी, ह्ये खोटा हाय."

मी हसलो. "काय खोटं? नगरसेवक उभा राहिला नाही? बरं, नगरसेवक काढून टाक."

"लोकांचा सोडा. उठली असतील, नसतील. बायच्या चालीचा बोलतोय मी."

"अरे, तुला काय माहीत? तू पोरगा होतास."

"पोरगा व्हतो म्हणून तर बायच्या संगती असायचो." तो माझ्याकडं बघत नव्हता, गेटकडं बघत होता. हंसाबेन एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होत्या. "बाय पाण्याला जायची तवा तुमी हितं मुंबयला. शिमग्याला येयाचात, तर यष्टीपासून घरापातुर तुमी पुढं, बाय मागं. हितं आलात, बाजारात तुमी पुढं, ती पिशवी घेऊन मागं. खोकल्यापायी दवाखान्यात न्हेलीत तवा पण तुमीच पुढं, मी बगितला हाय. ती आमाला सगळ्यांना चालताना दिसली, भावोजी. तुमाला कवा दिसली?"